तापीच्या वाळूतले इवले ढीग : एका ओळखीचं प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. चोपडा तालुक्यात अगदी तापीकाठाला त्याची केळीची बाग आहे. बागेच्या टोकाला सालदाराचं दोन खोल्यांचं घर आणि घरासमोर खांबावर पांढराशुभ्र एलईडी दिवा. "सर, सालदाराच्या दोन्ही लेकरांच्या मानेवर भाजल्यासारखे पट्टे उठलेत. त्याच्या बायकोच्या हातावर पण. नागीण म्हणून गेरू लावून झाला. पण तिघांना एकदम नागीण कशी होईल?"

प्रश्न अगदी रास्त होता. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. एक फोडांचा: कोपराच्या घडीत, हात मिटला की एकमेकांवर टेकतील अशा दोन जागी सारखाच लाल चट्टा, त्यावर बारीक पाण्याचे फोड. दुसरा, दिव्याखालच्या भिंतीवरच्या किड्यांचा. तो हललेला होता. लांबोडके, काळपट, अर्धवट पंखांचे किडे, यापलीकडे त्यात काही दिसत नव्हतं. पण चट्ट्यांचा फोटो इतका बोलका होता, की मी लगेच सांगून टाकलं, "ॲसिड किडा आहे. पेडेरस. किडा अंगावर चिरडू देऊ नका, साबणाच्या पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा."

सल्ला बरोबर होता, ओळख अर्धवट होती. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. विद्यार्थ्याचा पुन्हा फोन: "सर, किड्यांचं घर सापडलं. नदीच्या वाळूत लाखांनी आहेत. जागोजागी बारीक ढीग काढलेत, उकरलं की तेच किडे निघतात. पंप भरून ठेवलाय. सकाळी पूर्ण काठ मारून घेतो."

पेडेरस वाळूत बिळं खणत नाही. ओल्या गवतात, पिकाच्या बुडाशी, पालापाचोळ्याखाली तो राहतो, दिवसा मातीच्या भेगांत दडतो. पण वाळूत भुयार करून बाहेर मातीचा ढीग रचणं हे त्याचं काम नव्हे. म्हणजे वाळूतला किडा वेगळा होता. ज्या हललेल्या फोटोकडे नीट न पाहताच मी नाव सांगितलं होतं, त्यात कदाचित हाच वेगळा किडा होता. आणि माझ्या त्या एका शब्दावरून आता नदीकाठी विषारी फवारणी होणार होती. त्या वाळूतून गुरं पाण्यावर उतरतात, पाणी आणखी ओसरलं की तिथेच डांगराच्या वाड्या लागतात. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस थांब. एकही थेंब टाकू नकोस. शनिवारी मी येतो."

थांबला तो. त्याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं, कारण घरातली लेकरं रडत असताना थांबणं सोपं नसतं.

बरणीतले दोन किडे

शनिवारी दुपारी पोचलो. त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आदल्या रात्री दिव्याखालून गोळा केलेले किडे ठेवले होते. एका पांढऱ्या ताटलीत ते ओतले आणि खिशातलं भिंग काढलं. हे भिंग जळगावच्या सराफ बाजारातून घेतलेलं आहे, सोनार डोळ्याला लावतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं. किडे ओळखायला लागलेल्या कुणालाही मी आधी हेच घ्यायला सांगतो.

ताटलीत पन्नास-साठ किडे होते. वाळवीचे गळालेले पंख, दोन-चार तुडतुडे, एक कातरकिडा, ते बाजूला सारले. उरलेल्यांत दोन प्रकार सरळ वेगळे पडले.

पहिला प्रकार फक्त तीन नग. सात-आठ मिलिमीटर लांब, सडपातळ. डोकं काळं, मान आणि छाती नारिंगी, पाठीवर निळसर हिरव्या चमकेचे आखूड पंख, पुढे पुन्हा नारिंगी पोट आणि शेपटाचं टोक काळं. हा पेडेरस. भिंगाशिवायही तो ओळखू येतो. जिवंत असताना शेपूट वर उचलून धावतो, त्यामुळे काही लोकांना ती पंखवाली मुंगी वाटते.

दुसरा प्रकार चाळीसच्या वर. चार-पाच मिलिमीटरचे, ठेंगणे, गोलसर अंगाचे, जवळजवळ काळे. पंख मात्र काहींचे विटकरी. नारिंगी छाती नाही, निळी चमक नाही. विद्यार्थ्याने फोटो काढला तो यांचाच, कारण भिंतीवर हेच जास्त होते. नजर जिथे गर्दी तिथे जाते, आणि त्या घरात दोष गर्दीच्या माथी आला होता.

दोघांचं कुळ एकच, स्टॅफिलिनिडी. इंग्रजीत त्यांना रोव्ह बीटल म्हणतात. मराठीत सर्वमान्य नाव नाही, मी वर्गात आखूडपंखी भुंगेरे म्हणतो. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक होऊन पाठीवर ढाल बनतात. या कुळात ती ढाल निम्म्यावर कापल्यासारखी आखूड असते आणि पोटाचे पाच-सहा वळसे उघडे राहतात. उडायचे खरे पंख त्या इवल्या ढालीखाली घड्या घालून कोंबलेले असतात. दिव्याखाली उतरलेला किडा नीट पाहा: तो पोट वर वाकवतो आणि पोटाच्या टोकाने पंख आत ढकलतो, जशी आपण गोधडी पेटीत दाबून बसवतो. हे कुळ भुंगेऱ्यांतलं सगळ्यात मोठं मानलं जातं, साठ हजारांहून अधिक जाती. त्यातला पेडेरस तेवढा वर्तमानपत्रात येतो. बाकीचे सगळे त्याच्या नावाखाली चिरडले जातात.

पेडेरसबद्दल जेवढं लागेल तेवढंच सांगतो. तो चावत नाही, डंख मारत नाही, "मुतत" तर मुळीच नाही, जरी आपल्याकडे "किडा मुतला" असंच म्हणतात. त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा मानेवर आला, झोपेत हात गेला, चिरडला, की तो रस कातडीवर पसरतो आणि साधारण एक-दोन दिवसांनी चट्टा उठतो. हात फिरला त्या दिशेने चट्टा लांबतो, म्हणून पट्टा दिसतो, म्हणून नागिणीचा संशय येतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत एका बाजूचा रस दुसऱ्या बाजूला लागतो आणि जुळे चट्टे उठतात. फोटोत दिसलेली ती खूण याच किड्याची. हे विष किडा स्वतः तयार करत नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू ते बनवतात, हे २००२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. बहुतेक माद्यांमध्ये ते असतं आणि त्या ते अंड्यांतही उतरवतात. याउपर हा किडा शेतात मावा, तुडतुडे, किडींची अंडी खातो.

थोडक्यात, फोड कुणाचे हे ताटलीतच ठरलं. मग ते दुसरे चाळीस, बहुधा वाळूतून आलेले, कोण?

पोट उलटं करून मोजलेल्या पट्ट्या

इथे माझा खरा जीव अडकला होता, आणि या प्रकरणाचा गाभाही हाच आहे.

भिंगाखाली तीन गोष्टी लागोपाठ दिसल्या. पहिली, मिशा. पेडेरसच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ. या किड्याच्या मिशीचा पहिला पेर लांब आणि तिथून पुढचा भाग कोपरात वाकल्यासारखा मोडलेला, मुंगीसारखा. दुसरी, पुढचे पाय. नडगी रुंद, आणि तिच्या कडेला काट्यांच्या दोन रांगा, जणू दाताळंच. असे पाय खणणाऱ्याचे असतात. तिसरी गोष्ट पाहून मी विद्यार्थ्याच्या हातात भिंग दिलं: काही किड्यांच्या छातीच्या पुढच्या कडेतून एक शिंग निघालेलं होतं, डोक्यावरून पुढे झेपावणारं. बाकीच्यांना नव्हतं. शिंगवाले नर, बिनशिंगाच्या माद्या.

तो म्हणाला, "सर, हा तर गेंडा आहे."

संशय ब्लेडियसचा होता, म्हणजे वाळूत भुयारं करणाऱ्या आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या एका गटाचा. पण संशयावरून एकदा घाई झाली होती, म्हणून या वेळी पुढचं काम सावकाश केलं. दहा-बारा किडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले आणि सोमवारी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली उलटे मांडले. आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या पोटाच्या खालच्या बाजूला कडक पट्ट्या असतात. बहुतेक उपकुळांत पोटाची दुसरी पट्टी खुरटलेली असते आणि तिसऱ्यापासून मोजणी सुरू होते, एकूण सहा दिसतात. ऑक्सिटेलिनी या उपकुळात ती दुसरी पट्टी पूर्ण वाढलेली असते, त्यामुळे सात दिसतात. माझ्या समोरच्या किड्याला सात होत्या. तीन वेळा मोजल्या, मग दुसरा किडा घेऊन पुन्हा.

उपकुळ ठरलं. आता त्याच उपकुळातले शेजारी वगळायचे होते. गोठ्यात, शेणाच्या पोवात सापडणारे ऑक्सिटेलस आणि ॲनोटायलस यांच्या छातीवर नांगरटीसारख्या उभ्या चरी असतात. आपल्या किड्याची छाती चरींविना होती, मागच्या बाजूला निमुळती होत गेलेली. चिखलात राहणारे कार्पेलिमस खूप बारीक असतात आणि त्यांच्या पायांना असं दाताळं नसतं. वाकलेली मिशी, काट्यांच्या दोन रांगा, मागे निमुळती छाती, नराचं शिंग आणि वाळूतलं बीळ हे सगळं एकत्र जिथे बसतं ती प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ब्लेडियस.

हे नाव लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये दिलं. जगभरात या प्रजातीच्या साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. माल्कम कॅमेरॉन नावाच्या आरमारातल्या डॉक्टरने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या कुळावर मोठं काम केलं. त्याचा पहिला खंड १९३० चा, आणि त्यात या उपकुळाच्या ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण पाहत नावापर्यंत नेणारे तक्ते, आहेत. आजही भारतातला कुणी या किड्यांकडे वळला की त्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात ब्लेडियस टॉरस या जातीच्या शिंगवाल्या नराचं आणि बिनशिंगी मादीचं चित्र छापलं आहे. तापीकाठच्या सालदाराच्या भिंतीवर बसलेला किडा त्याच गोतातला.

जातीपर्यंत मी गेलो नाही. त्यासाठी नराची जननेंद्रियं काढून, नाव पक्कं झालेल्या नमुन्यांशी ताडून पाहावं लागतं, आणि शिंगाची लांबी एकाच जातीत लहान-मोठी असू शकते, त्यामुळे शिंगावरून जात ठरवणं धोक्याचं. फवारणी करायची की नाही हे ठरवायला प्रजाती पुरेशी होती.

पहाटेची वाळू

पण हे सगळं सोमवारचं. शनिवारी रात्री मी तिथेच मुक्काम केला आणि रविवारी तांबडं फुटायच्या आत आम्ही नदीत उतरलो. सोबत मासेमारी करणारे एक आबा होते. सत्तरीचे असतील. पाणी ओसरलं की ते त्याच वाळूत डांगर लावतात.

पुराचं पाणी उतरून दोन-तीन आठवडे झाले होते. दरडीखाली आधी गाळाचा पट्टा, भेगाळलेला, मग कोरडी वाळू, मग ओली वाळू, मग पाणी. कोरड्या वाळूत एकही ढीग नव्हता. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे पाऊल टाकलं की ठशात पाणी साचतं, तिथेही नव्हता. मधे दोन-तीन हात रुंदीची एक पट्टी होती. तिथे पाऊल टाकलं तर ठसा स्वच्छ उमटायचा पण पाणी भरायचं नाही. सगळे ढीग त्या पट्टीत. करंगळीच्या नखाएवढे, ताज्या ओल्या वाळूचे, आजूबाजूच्या वाळूपेक्षा गडद. कुठे सुटे, कुठे एकमेकांना जोडून नागमोडी ओळ झालेली.

वाळूतली सगळी भोकं एका किड्याची नसतात, म्हणून तीही वेगळी करावी लागली. पेन्सिलीएवढं गोल, काठ स्वच्छ, बाजूला ढीग नाही, ते वाघभुंगेऱ्याच्या अळीचं. ती चपट्या डोक्याचं बूच लावून तोंडाशी बसलेली असते आणि सावली पडली की खाली जाते. मधे भोक आणि भोवती कोरड्या कणांची गोल कड, ती मुंग्यांची. बोटभर जाडीची फुगलेली भेग, ती मातीत पोहल्यासारखी चालणाऱ्या जमीनकिड्याची. ब्लेडियसच्या ढिगात भोक बहुधा दिसतच नाही, वरून झाकलेलं असतं.

मी भाजी चिरायच्या सुरीने एका ढिगाशेजारून वाळू उभी कापली, केक कापतात तशी, आणि एक चकती अलगद बाजूला केली. आत जेमतेम काडीएवढं भुयार सरळ खाली गेलेलं. चार बोटं खोलीवर किडा बसला होता, डोकं वर करून. उजेड पडताच तो मागे सरकला, वळला नाही. पोटाने मागची वाट चाचपत उलटा खाली गेला. अंगाची ठेवण अशी गोलसर का, हे तेव्हा कळलं. अशा नळीत चपट्या किड्याला असं मागेपुढे सरकता येणार नाही.

आबा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "नाव काय ते माहीत नई भाऊ, पन पाणी उतरनं की हाऊ येस."

मी विचारलं, अंगावर फोड उठतात का यांनी? त्यांनी दोन्ही हात पुढे केले. गेली कित्येक वर्षं ते त्या वाळूत गुडघे टेकून खड्डे करतात. असा पट्टा त्यांच्या हातावर एकदाच उठला होता, तोही गवत कापताना.

हा पुरावा प्रयोगशाळेतला नाही, पण मला तो वजनदार वाटला. पेडेरिन हे पेडेरस आणि त्याच्या अगदी जवळच्या भाऊबंदांतच सापडतं. ब्लेडियसकडेही संरक्षणाची ग्रंथी असते, पोटाच्या टोकाशी, आणि तिच्यातून क्विनोन वर्गातल्या रसायनांचा झोंबरा वास सुटतो. किडा बोटात दाबला तर तो वास येतो. मुंग्या आणि शिकारी भुंगेरे दूर ठेवायला तो उपयोगी पडतो. त्या घरातले जुळे चट्टे त्याच्या नावावर टाकायला काहीच आधार नव्हता.

मग त्यांच्या खाण्याकडे वळलो. ऊन वर आलं तशी ढिगांच्या मधल्या वाळूवर सोनेरी तपकिरी झिलई दिसू लागली. बोटाने खरवडली तर बोट किंचित बुळबुळीत झालं. ते डायटम आणि इतर सूक्ष्म शेवाळ. ब्लेडियस तेच खातो, त्याच्या अळ्याही तेच खातात. एवढ्या दाताळ्या पायांचा, शिंगं मिरवणारा किडा शेवाळ खाऊन जगतो, कुणाची शिकार करत नाही. म्हणूनच तो कोरड्या वाळूत नसतो, कारण तिथे शेवाळ नाही. आणि अगदी चिबड वाळूत नसतो, कारण तिथे भुयार ढासळतं. त्याला दोन्हींच्या मधली ती दोन-तीन हातांची पट्टीच लागते.

युरोपच्या समुद्रकाठच्या खाऱ्या चिखलात राहणारी ब्लेडियस स्पेक्टॅबिलिस नावाची एक जात आहे, तिच्यावर बारकाईने काम झालं आहे. तिच्या बिळाचं तोंड बाटलीच्या मानेसारखं अरुंद असतं. भरती आली तरी त्या अरुंद तोंडातून पाणी आत शिरत नाही, हवा आत कोंडून राहते. मादी तिथे अंडी घालते, बाजूच्या छोट्या कप्प्यांत ठेवते, पिल्लांसाठी शेवाळ आणून साठवते, बुरशी आणि परजीवी गांधीलमाश्यांपासून त्यांना जपते. किड्यांत आईने एवढं करणं दुर्मीळ आहे. तापीकाठची जात हे सगळं करते असा माझा दावा नाही. पण आम्ही कापलेल्या एका भुयाराच्या कुशीत खसखशीहून थोडी मोठी पांढरी अंडी होती आणि मादी त्यांच्या वर बसलेली होती. मी ती चकती होती तशी परत लावली.

मोजदादीसाठी एक सोपी रीत वापरली. घरातली स्टीलची परात घेतली, ढीग असलेल्या पट्टीतली परातभर वाळू तिच्यात टाकली, वर नदीचं पाणी ओतून हाताने ढवळलं. वाळू बुडते, किडे तरंगतात, चहाच्या गाळणीने उचलायचे. तीन पराती केल्या: ढिगांच्या पट्टीतली, कोरड्या वाळूतली, गाळातली. पहिलीत ब्लेडियस, त्यांच्या अळ्या आणि एक कमरेत आवळलेला चकचकीत छोटा भुंगेरा, पंख पूर्ण, डिस्किरियसच्या घराण्यातला. ब्लेडियसच्या बिळांत शिरून त्यांची शिकार करण्यासाठी हे घराणं प्रसिद्ध आहे, त्यामुळे तो सापडणं ही ओळखीला मिळालेली एक साक्षच होती. कोरड्या वाळूच्या परातीत काही नाही. गाळाच्या परातीत दुसरे चिखलकिडे. आणि तिन्ही परातींत मिळून पेडेरस एकही नाही.

विद्यार्थी परातीकडे बघून गप्प झाला होता. भरलेला पंप अजून दरडीवर, झाडाखाली ठेवलेला होता.

मग पेडेरस कुठून आला

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आम्ही घराभोवती शोध घेतला. उलट दिशेने, नदीकडे पाठ करून. केळीच्या बागेत ठिबकची एक नळी बांधाजवळ फुटलेली होती, तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. पांढरं फडकं गवताखाली धरून काठीने गवत झोडपलं आणि पहिल्याच झोडपणीत दोन नारिंगी किडे फडक्यावर पडून शेपूट उचलून पळाले. पलीकडे मक्याचं शेत होतं. मका फोड उठायच्या चार-पाच दिवस आधी कापला होता आणि चारा घराच्या भिंतीलगत रचून ठेवला होता. पीक कापलं की पेडेरसला आडोसा आणि ओल दोन्ही राहत नाहीत, तो बाहेर पडतो. रात्र उबदार असेल तर दिव्यावर येतो. आणि दिवा उघड्या खिडकीसमोर, खिडकीखाली लेकरांची गोधडी.

दोघेही किडे त्याच दिव्यावर येत होते, एक नदीकडून, एक शेताकडून. भिंतीवर ते एकत्र दिसले आणि एकच वाटले.

उपाय फार साधे निघाले. पांढरा दिवा खांबावरून काढून घरापासून लांब गोठ्याकडे नेला, घरासमोर कमी उजेडाचा पिवळा लावला आणि तो जेवणं उरकली की बंद. खिडकीला बारीक जाळी. चारा भिंतीपासून हलवला, फुटकी नळी जोडली, बांधावरचं गवत कापलं. कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नंतर अंघोळ. अंथरूण झटकून मग झोपायचं. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारायची किंवा कागदावर घेऊन बाहेर टाकायचा, चापट मारायची नाही. लेकरांवर डॉक्टरांचे उपचार सुरू होतेच. फोड दोनेक आठवड्यांत सुकले, काळे डाग मात्र पुढे बरेच दिवस राहिले. नवा चट्टा त्या घरात मग उठला नाही.

सालदाराच्या बायकोला मी दोन्ही किडे भिंगातून दाखवले. तिने ब्लेडियस बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा मग करतो काय?" वाळूवरचं शेवाळ खातो, पोरं वाढवतो, आणि त्याला चिखलपक्षी खातात. नदीकाठी चोच टोचत फिरणारे ते छोटे पक्षी तिच्या रोजच्या बघण्यातले. तिने मान हलवली.

वाळूत विष पडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी मुद्दाम विद्यार्थ्याबरोबर बसून केला. फोड आणणारा एकही किडा मेला नसता, कारण तो वाळूत नव्हताच. वाळूतले मेले असते आणि विष पाण्यात उतरलं असतं, त्यांना खाणाऱ्या पक्ष्यांतही गेलं असतं. भिंतीवरची गर्दी दोन-चार रात्री घटली असती, म्हणून सगळ्यांना वाटलं असतं की औषध लागू पडलं. आणि गवतातून पेडेरस येतच राहिला असता. हे शेवटचं मला सगळ्यात भीतीदायक वाटतं, कारण मग चुकीची ओळख गावात कायमची पक्की झाली असती. आधीच खानदेशात गिरणेच्या आणि तापीच्या पात्रातून वाळू ट्रॅक्टरने उपसली जाते. ती दोन-तीन हातांची पट्टी उपशात सगळ्यात आधी तुडवली जाते आणि तिच्यात कोण राहतं हे कुणी पाहिलेलं नसतं. मीही इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. या काठाला मी मुलांना सहलीला आणलं आहे, पक्षी दाखवले आहेत, आणि त्या ढिगांवरून चालत गेलो आहे.

महिनाअखेरीस परतीचा पाऊस झाला. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, ४१ पैकी किती ते आठवत नाही, पण तापी एका रात्रीत दरडीला लागली आणि आमची ढिगांची पट्टी पूर्ण पाण्याखाली गेली. पाणी उतरल्याचं कळलं त्याच्या चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो. जुनी वाळू वाहून गेली होती, काठाचा आकारच बदलला होता. आबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी काठीने वाळूवर एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, काल पाणी इथवर होतं. रेघेच्या खाली, हातभर अंतरावर, नव्या ओल्या वाळूत नखाएवढे गडद ढीग सुरू झाले होते.